पुढचं डावं चाक

अनुपने कागद जाईबाईच्या ताटावरून पलीकडे नेले आणि डोनासमोर पसरले. एका कागदाचा कोपरा वरणात बुडून पिवळा झाला, तेही त्याला दिसलं नाही. चार कागद होते, ऑफिसच्या प्रिंटरवर काढून आणलेले, गुळगुळीत, आणि एकेकावर एकेक चाक. नुसतं चाक, वर गाडी नाही, खाली रस्ता नाही. जाईबाईचा घास हातात तसाच राहिला. तिला वाटलं, आता तो मान वळवील, आता म्हणेल, आई, तू सांग. चाकाचं विचारण्यासारखं माणूस त्या टेबलावर एकच होतं. पण अनुप डोनाच्या खुर्चीमागे जाऊन वाकून उभा राहिला, पोरगं निकाल दाखवायला उभं राहतं तसा, आणि म्हणाला, "विच वन?" एवढं इंग्रजी जाईबाईला समजत होतं. कोणतं, असं तो विचारत होता. तिला विचारत नव्हता.

मार्च महिना होता, पण अमेरिकेतल्या या चँडलरचं ऊन आत्ताच नागपूरच्या वैशाखासारखं भिंतींवर ठाण मांडून बसलं होतं. डोना शेजारच्या घरातली. बहात्तर वर्षांची बाई, अर्धी चड्डी घालून फिरते, पायांवर निळ्या शिरांचं जाळं, ओठांना लाली. दर शनिवारी जेवायला येते, वरणाच्या वाटीला सरळ तोंड लावते, आणि जाईबाईच्या सुनेला, सुचित्राला, त्याचंच कौतुक. बिचारी एकटी असते, असं सुचित्रा म्हणायची. जाईबाई एकदा म्हणालीही, "माह्या नवऱ्याला जाऊन एकतीस वर्षं झाली, मले कोणी वरण प्यायला नाही बोलावलं." सुचित्रा हसली आणि भांडी मशिनीत लावायला लागली. जाईबाई हसण्यासाठी बोलली नव्हती. सहा महिन्यांसाठी ती आली होती. त्यातले साडेचार गेले होते, आणि या साडेचार महिन्यांत पोराच्या तोंडून तिने आई हा शब्द जितक्यांदा ऐकला, त्याहून जास्त वेळा डोना हा शब्द ऐकला होता. ती बाई त्याला नूप म्हणते. पाचव्या दिवशी पाळण्यात ठेवलेलं नाव, त्याचं पहिलं अक्षर तिने खाऊन टाकलं होतं आणि हा त्या अर्ध्या नावाला ओ देत होता.

सगळं त्या गाडीपासून सुरू झालं. डोनाच्या नवऱ्याची गाडी, एकोणीसशे एकोणसत्तरची कमॅरो, निळी, लांब नाकाची, बसक्या पाठीची. फौजेतून सुटून आल्यावर त्याने ती घेतली होती म्हणे. तो मेला आणि गाडी अकरा वर्षं तिच्या गॅरेजमध्ये चादरीखाली उभी राहिली. दिवाळीनंतर अनुपने ती विकत घेतली, ढकलत आपल्या गॅरेजमध्ये आणली, आणि तेव्हापासून त्याचे शनिवार-रविवार तिच्या पोटाखाली जायला लागले. इंजिन झालं, ब्रेक झाले, रंग झाला. चाकं राहिली. जुनी गंजून चाळणीसारखी झाली होती. अनुप सुचित्राला सांगायचा की जुन्या गाड्यांचे शौकीन रविवारी एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये जमतात, तिथे लोक आधी चाकं पाहतात आणि मग गाडी. चाकं आजची चकचकीत लावली तर सगळी मेहनत पाण्यात, त्या काळची वाटतील अशीच पाहिजेत. जाईबाई भाजी निवडता निवडता ऐकत होती. तिला हे पटलं होतं. म्हाताऱ्याला तरण्या पोराचे बूट घातले की आधी बूट दिसतात आणि मग म्हातारा दिसतच नाही. हे ती सांगणारही होती, पण कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.

आता ती आपल्या जागेवरूनच, उलटी, त्या चार चाकांकडे पाहत होती. एक होतं साधं लोखंडी, काळं, मधे वाटी पालथी घातल्यासारखी छोटी टोपी. एक पाच जाड आऱ्यांचं, राखाडी. एक रुपेरी, त्याला लांबट खिडक्या आणि भोवती चमकणारी कडी, त्याला रॅली म्हणतात असं अनुप म्हणाला. चौथं बारीक आऱ्यांचं, बाजारू, त्याच्याकडे तिने बघितलंही नाही. तिचं मन काळ्यावर बसलं. त्या चाकाला लपवायला काही नव्हतं. जी चाकं चमकतात ती कडेला काहीतरी झाकून असतात, हे तिला दुकानात बसून कळलं होतं. डोनाने चष्मा लावला, चारी कागदांवरून बोट फिरवलं, आणि लाल नखाचं ते बोट रॅलीवर ठेवलं. रे, ती म्हणाली. तिच्या नवऱ्याचं नाव. तिचे डोळे भरले. अनुपने तिच्या खांद्यावर हात ठेवला. जाईबाईने वरणात भिजलेला कागद उचलला. काळ्या चाकाचा होता. तिने तो चार घड्या करून ताटाखाली सारला, आणि जेवण संपेपर्यंत तो तिथेच होता, कोणाला आठवलाही नाही.

नागपुरात, इंदोऱ्यात, जाईबाईच्या नवऱ्याचं, लहूचं, सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे भिंतीला टेकवलेला टिनाचा पत्रा, त्याखाली चाक अडकवून फिरवायची लोखंडी घोडी, हवेचा पंप आणि पाण्याची घमेली. लहू काविळीने गेला तेव्हा अनुप नऊ वर्षांचा, आणि जाईबाई तिसरी पास. तेराव्या दिवशी तिने पदर खोचला आणि घोडीसमोर बसली. गल्लीतले पुरुष पान खात उभे राहून पाहायचे, बाई आऊट काढते म्हणून. चाकाचा आऊट काढायचा म्हणजे चाक घोडीवर चढवायचं, फिरवायचं, आणि खडू रिमच्या जवळ धरून बसायचं, श्वास न घेता. चाक जिथे बाहेर झुकलंय तिथेच खडू लागतो. बाकीचं रिम कोरं राहतं. मग त्या डागाजवळचे आरे छोट्या पान्याने सैल करायचे, समोरचे कसायचे, आऱ्याला नखाने टिचकी मारून ऐकायचं, सगळे एका सुरात बोलायला लागले की परत फिरवायचं. लहू घाई करायचा. जाईबाईला घाई नव्हती. तिच्याकडे दुसरं काय होतं. दोन वर्षांत कामठीपर्यंतचे लोक तिच्याकडे चाकं घेऊन यायला लागले. चौदा एप्रिलला एक दिवस पत्रा बंद, बाकी वर्षभर उघडा. डाव्या अंगठ्यावर तिला आरा घुसल्याची पांढरी खूण होती, पावलीएवढी. या सगळ्यातून एकच माणूस बाहेर पडला, आणि त्याला तिने शिकवला, इंजिनिअर केला, इथवर पाठवला. पण दुकानात बसला की तो घोडीच्या आडोशाला, रस्त्याकडे पाठ करून बसायचा. शाळेतल्या पोरांना तोंड दिसू नये म्हणून. ती पाठ तिने सात वर्षं पाहिली. पोराला लाज वाटते तर वाटू दे, लाजेनेच शिकेल, असं स्वतःला सांगून ती चाक फिरवत राहिली. पण आत कुठेतरी ती पाठ तशीच बसून राहिली होती, आणि एवढ्या लांब विमानाने येऊनही ती वळली नव्हती.

नारळ-लिंबाचं त्यांच्या घरात नव्हतं. गाडी आली की पहिली फेरी आईची, एवढाच त्यांचा रिवाज. भंगारातून गोळा करून जाईबाईने अनुपला पहिली सायकल जोडून दिली, तेव्हा तिच्या कॅरिअरवर तीच आधी बसली, आणि पोरगा धापा टाकत तिला मशिदीच्या वळणापर्यंत घेऊन गेला. पहिली स्कूटर घेतली तेव्हाही तीच. इथे पहिली मोठी गाडी घेतली तर ती येईपर्यंत अनुपने सुचित्रालाही पुढे बसू दिलं नव्हतं. सुचित्रा ते अजून सांगते, थोडं हसून, थोडं टोचून. म्हणून निळ्या गाडीचं जाईबाईने विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात. मग एका संध्याकाळी सुचित्रा पोळ्या लाटता लाटता म्हणाली की दोन आठवड्यांनी रविवारी डोनाच्या लग्नाचा वाढदिवस येतो, त्या दिवशी अनुप तिला पहिल्यांदा त्या गाडीतून फिरवून आणणार, हायवेने, पार डोंगरापर्यंत. मैत्रीही मागच्या सीटवर बसणार. मैत्री म्हणजे नात, आठ वर्षांची. जाईबाई म्हणाली, बरं आहे. तव्यावरची पोळी उलटवताना तिची बोटं भाजली, आणि ती बराच वेळ ती बोटं तोंडात धरून उभी राहिली, लहान पोरासारखी.

चाकं जुन्या बाजारातून आली, पाच, एक जास्तीचं. आणायला अनुप आणि डोना गेले. घासून रुपेरी रंग दिला तो अनुपने आणि डोनाने. जाईबाई रोज स्वैपाकघराच्या खिडकीतून बघायची, तिच्या पोराच्या नाकाला रंग लागलेला आणि ती म्हातारी तो ओल्या कपड्याने पुसते आहे. शुक्रवारी अनुपने अर्धी रजा घेतली, टायर चढवून आणले, टायरवाल्यांनी कडेला शिशाचे तुकडे लावून वजन सारखं करून दिलं होतं, आणि दुपारी चारी चाकं गाडीला लागली. गाडीचं नाक अजून स्टँडवर होतं, पुढची चाकं अधांतरी. डोना गॅरेजमध्ये घडीच्या खुर्चीवर बसली होती. जाईबाई वाळलेले कपडे काढायला म्हणून त्या बाजूने गेली तर डोनाने शेजारची खुर्ची थोपटली. सुचित्रा होतीच तिथे. नाइलाजाने जाईबाई टेकली. तेव्हा डोनाने एक केलं. तिने हवेत एक चाक फिरवलं, दोन बोटांत न दिसणारा खडू धरला, मान तिरकी केली, मग न दिसणाऱ्या आऱ्याला नखाने टिचकी मारली आणि कान जवळ नेला. आणि मग जाईबाईचा डावा हात आपल्या हातात घेऊन अंगठ्यावरच्या पांढऱ्या खुणेवर आपलं बोट ठेवलं.

जाईबाईने हात ओढून घेतला. हिला कोणी सांगितलं, तिने विचारलं. अनुप चाकाचे नट कसत होता. तो न बघताच म्हणाला, मीच सांगितलं, आई, सगळंच सांगितलंय तिला. डोना भरभरून बोलत होती आणि सुचित्रा अर्धंमुर्धं मराठीत करत होती: "ती म्हणते, अनुपला लहानपणी त्या चाकाच्या आवाजावर झोप लागायची. तुम्ही काम करताना तो पाठ टेकायचा ना तुमच्या घोडीला, तेव्हा ते चाक फिरलेलं त्याच्या पाठीत जाणवायचं. तो म्हणतो, तशी झोप त्याला पुन्हा कधीच लागली नाही."

जाईबाई खुर्चीवर बसून राहिली. ऊन गॅरेजच्या दारात एका सरळ रेघेवर थांबलं होतं. एकतीस वर्षं. एकतीस वर्षं जी पाठ तिने लाजेची म्हणून उरात वागवली ती झोपेची होती, आणि हे तिला आज समजत होतं, सुनेच्या तोंडून, त्या बाईच्या भाषेतून. आनंद व्हायला हवा होता. तिने आत हात घालून पाहिला, आनंद नव्हता. एखाद्याने आपल्या घरातलं भांडं बाजारात विकावं आणि ते शेजारणीच्या फळीवर घासूनपुसून ठेवलेलं दिसावं, तसं झालं. तिचं दुकान, तिचा खडू, तिचा अंगठा, आणि तिला कधीही न मिळालेली ती पोराची झोप, सगळं त्याने त्या बाईला देऊन टाकलं होतं. इतकी वर्षं फोनवर बोलला. जेवलीस का, औषध घेतलंस का, गुडघा कसा आहे. एकदा नाही म्हणाला की आई, तुझ्या चाकाच्या आवाजावर मला झोप यायची. आणि त्या बाईला म्हणाला. रंग लावता लावता म्हणाला असेल.

थोड्या वेळाने चमकणाऱ्या कड्या आणायला अनुप डोनाबरोबर तिच्या घरी गेला आणि सुचित्रा मैत्रीला शाळेतून आणायला. जाईबाई एकटी राहिली. मैत्रीचे फरशीवर चित्रं काढायचे जाडे खडू दारात पडले होते. तिने गुलाबी उचलला. का उचलला हे तिला माहीत नव्हतं. हाताला माहीत होतं. बादली पालथी घालून ती पुढच्या डाव्या चाकासमोर बसली, कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. जड होतं, पण फिरलं, आणि त्या फिरण्याबरोबर टिनाच्या पत्र्याखालचा उकाडा, रबराचा वास, घमेल्यातलं गढूळ पाणी सगळं तिच्याजवळ येऊन बसलं. तिने श्वास धरला. खडू कडेजवळ नेला. टक. मग काही नाही. मग टक. चाक थांबलं तेव्हा रुपेरी कडेवर एका जागी, वीतभर, गुलाबी डाग होता आणि बाकीचं रिम कोरं. तिने बोटाने अंदाज घेतला. दोन सूत. पाव इंच. उजवं फिरवून पाहिलं, त्याला काही नव्हतं. हे मात्र कधीतरी कुठेतरी आपटलेलं होतं. शिशाने वजन सारखं झालं तरी वाकडं ते वाकडंच. वरून रंग इतका छान होता की देवालाही दिसलं नसतं.

डोनाच्या हसण्याचा आवाज आला. दोघं परत येत होते. जाईबाईने पदराचं टोक घेतलं, थुंकी लावली, आणि तो डाग पुसून टाकला.

शनिवार कसा गेला ते तिला नंतर आठवेना. ती स्वतःशी सारखी बोलत होती. सायकलचं चाक वेगळं आणि मोटारीचं वेगळं. आपण अडाणी बाई, आपल्याला काय समजतं मोटारीतलं. समजत असतं तर विचारलं नसतं का. चाक त्या बाईने निवडलं, तिला विचारा. थरथरेल थोडं, थरथरू दे. स्टिअरिंग हातात नाचायला लागलं की समजेल त्याला, शोभा कोणी निवडली आणि चाक कोणाला कळतं. हा विचार तिला गोड लागला. तिने तो पुन्हापुन्हा तोंडात घोळवला. आणि मग दुपारी, काही नसताना, तिला धोंडू गवळी आठवला. दुकानाच्या पहिल्या वर्षी, संध्याकाळ झाली होती, अनुपला ताप होता, आणि धोंडू उभा राहून घाई करत होता. तिने आऊट पूर्ण न काढताच चाक दिलं. चालेल, ती म्हणाली. दुधाचे दोन कॅन लटकवून तो उतारावरून गेला आणि पुलाजवळ चाक वाकून बसलं. ती पळत गेली तेव्हा रस्ताभर दूध होतं आणि दुधात धोंडू, हसल्यासारखा, कारण ओठ फाटला होता. तो वाचला. पण त्या दिवशी तिने घोडीवर हात ठेवला होता आणि म्हटलं होतं, माझ्या हातून आऊट असलेलं चाक जाणार नाही. माझ्या हातून. हे चाक कुठे माझ्या हातचं, जाईबाई म्हणाली, मोठ्याने, रिकाम्या स्वैपाकघरात.

रविवारी सकाळी गाडी बाहेर काढली तेव्हा गल्लीतले दोन-तीन शेजारी पाहायला आले. खरंच देखणी दिसत होती. रुपेरी चाकांवर ऊन फुटत होतं. डोनाने डोक्याला पिवळा रुमाल बांधला होता, एकोणसत्तर साली बांधला असेल तसा, आणि ती पुढे बसली, तिच्या जागेवर. मैत्री मागे चढली. सुचित्रा फोटो काढत होती. अनुपने आईकडे पाहून हात हलवला, लहान मुलाला हलवतात तसा, आणि गाडी सुरू केली. त्या आवाजाने जाईबाईच्या पायाखालची फरशी थरथरली. मैत्रीने मागच्या काचेला नाक लावलं, चपटं केलं, आजीला हसवायला.

जाईबाई चालत गेली आणि गाडीपुढे उभी राहिली.

अनुपने काच खाली केली. "आई, काय झालं? बाजूला हो ना."

"पुढचं डावं चाक उतरव."

"का?"

"आऊट आहे त्याला. दोन सूत."

त्याने इंजिन बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की कोणाच्यातरी अंगणातलं पाण्याचं कारंजं ऐकू यायला लागलं. तो उतरला. दोन सूत हा शब्द त्याने किती वर्षांनी ऐकला होता कोणास ठाऊक. त्याचा चेहरा आधी पोरासारखा झाला, आणि मग हळूहळू त्याला दुसरं काहीतरी उमगत गेलं. तू कधी पाहिलंस, त्याने विचारलं. ती खोटं बोलू शकली असती. आत्ता डोळ्याला दिसलं म्हणाली असती तर त्याला ते खरं वाटलं असतं. ती म्हणाली, परवा. त्याची नजर तिच्या पदरावर गेली. त्याच लुगड्याचं टोक होतं, धुतलेलं नव्हतं, आणि त्यावर गुलाबी फराटा होता. चाकावरून पुसताना लागतो तसा, लांब.

तो फार हळू बोलला. डोनाला समजणार नव्हतं, तरी हळू बोलला.

"मैत्री मागे बसली होती, आई."

तिने मान खाली घातली नाही. तेवढंच तिला जमलं. तोंडात शब्द खूप होते, तू मला कधी विचारलंस, तू तिला सांगितलंस, ती झोप माझी होती. पण ते सगळे आत्ता मागच्या काचेला लागलेल्या त्या चपट्या नाकापुढे किडुकमिडुक झाले होते, आणि तिला ते दिसत होतं, म्हणूनच ती उभी होती.

अनुपने डोनाला आणि मैत्रीला खाली उतरवलं आणि जॅक आणला. नाक उचललं. मैत्रीकडून खडू घेतला, पण स्वतः बसला नाही. तो खडू त्याने आईपुढे धरला. बादलीही त्यानेच पालथी घालून ठेवली. तिने चाक फिरवलं. टक. टक. सगळे वाकून पाहत होते. डाग त्याच जागी उमटला. डोनाने छातीवर हात ठेवला, काहीतरी म्हणाली, मग हसली, मग अनुपच्या पाठीवर थाप मारून पुन्हा काहीतरी म्हणाली. सुचित्रा म्हणाली, "आई, ती म्हणते, यानं मला तुमच्याबद्दल सांगितलं ते खोटं वाटायचं, आता पटलं." जाईबाईने ऐकलं. खोटं वाटायचं म्हणे. तिला पुन्हा टोचलं, त्याच जागी.

जास्तीचं पाचवं चाक अनुपने टायरसकट गॅरेजमधून आणून चढवलं. नट कसण्याआधी तो थांबला आणि बाजूला झाला, आणि तिने खडू न घेता, नुसता अंगठा कडेजवळ धरून ते फिरवून पाहिलं. पांढऱ्या खुणेला कुठे काही लागलं नाही. जाऊ दे, ती म्हणाली. तेव्हा डोना गाडीकडे गेली, पुढचं दार उघडून धरून उभी राहिली आणि हाताने जाईबाईला बस म्हणाली. अनुप बोलला असता तर ती बसली असती की नाही हे ती पुढे पुष्कळ दिवस स्वतःला विचारणार होती. पण तो हातातल्या पान्याकडे पाहत उभा राहिला.

"तिला बसू दे," जाईबाई सुचित्राला म्हणाली. "तिच्या माणसाची गाडी आहे. मी इथून ऐकते."

गाडी गेली. पिवळा रुमाल फडफडला. जाईबाई उतरवलेल्या चाकाजवळ जमिनीवर बसली, आणि कान त्या बाजूला लावून राहिली. पहिल्या वळणापर्यंत, मग झाडांच्या मागे, मग मोठ्या रस्त्याला लागल्यावर, इंजिनाच्या गुरगुरण्याखाली ती फक्त पुढचं डावं चाक ऐकत होती. त्याचा आवाज नव्हता. सरळ चाकाला आवाज नसतो. इंजिन ऐकू येईनासं झाल्यावरही ती तशीच बसून होती, पाठ रस्त्याकडे करून, वाकड्या चाकाला टेकून.